चिंचेखालच्याचा वाटा

आमच्या गावात घरचे मासे काट्यावर वाटत नाहीत. काटा आहे, पण तो व्यापाऱ्यासाठी. मोठं जाळं ओढून झालं की आधी व्यापाऱ्याचा माल निघतो, आणि उरलेल्या मासळीचे तलावाच्या पाळीवर ढीग घालतात. मासेमारांची जितकी घरं तितके ढीग. आमच्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस त्या ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एक जण एकेका ढिगाला काठी लावून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा म्हातारा घराचं नाव घेतो. माणसाचं नाही, घराचं. वडाजवळच्याचा. शाळेमागच्याचा. बोडीकडच्याचा, म्हणजे लहान तळ्याकडच्याचा. ज्या घराची हाक आली त्यानं टोपली घेऊन पुढे व्हायचं. ढिगात रोहू निघाला तर नशीब, नुसता बारका चुरा निघाला तरी नशीब. तोंड वाकडं करायचं ते घरी जाऊन.

आमचं घर चिंचेखालचं. चिंच माझ्या जन्माच्या आधीच वादळात पडली, तिच्या लाकडाचे पाटसुद्धा झिजून गेले, पण हाक चिंचेखालच्याचीच राहिली. लहानपणी मी आणि माय टोपली घेऊन पाळीवर उभ्या असायचो. बाबा ओल्या अंगानं बिडी ओढत बसलेले असायचे. हाक आली की माय मला कोपरानं ढोसायची, "जाय, आपला आला." साऱ्या गावासमोर आपल्या घराचं नाव घेतलं जातं याची एक ऐट असते. ज्यांची नावं सातबाऱ्यावर आणि देवळाच्या फरशीवर कोरलेली आहेत त्यांना ती कळायची नाही. आम्ही ढिवर. आमचं नाव तेवढ्या एकाच जागी घेतलं जायचं.

आणि पाठमोऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द फिरत नाही. एकदा तेव्हाच्या म्हाताऱ्यानं चुकून एकाच घराचं नाव दोनदा घेतलं. त्या घरानं दोन ढीग हसत हसत उचलले. शेवटी एक घर कोरडं राहिलं, तेव्हा सगळ्यांच्या ढिगातून एकेक मासा काढून त्या घराचा नवा ढीग घातला. कोणी हूं की चूं केलं नाही. चुकीचं असलं तरी हाक ती हाक, असं बाबा म्हणाले होते.

बाबा गेले ते पावसाळ्यात. मी तेव्हा फिजीत होते, त्यामुळे पोहोचले ती दिवस करायलाच, आणि सुट्टी संपली तशी परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला, जाळं पडलं, आणि मायनं फोन केला. माझ्या मायला फोनवर रडता येत नाही. ती चिडते, त्यावरून ओळखायचं. म्हणाली, मासेमारांच्या संस्थेच्या अध्यक्षानं सांगितलं की ज्या घराचा हात जाळ्याला त्याच घराचा वाटा, आणि तुमच्या घरात आता हात नाही. पण बाई एकटी आहे म्हणून दया दाखवली. पाळीच्या कडेला पळसाच्या पानावर अर्धा ढीग ठेवला आणि म्हणे, घेऊन जा काकू. हाक नाही, काही नाही. भिकाऱ्याला शिळी भाकर टाकावी तसा.

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"म्हनलं, हा कुत्र्याले घाला. माह्या घराले हाक मारा, नाही तं राहू द्या." मग म्हणाली, "आपल्या घराचं नावच नाही घेतलं वो कोनी."

मासा कमी पडणार होता अशातला भाग नव्हता. माय आंधळगावच्या बाजारात आयुष्यभर मासळी विकत आली आहे, दुसऱ्यांकडून घेऊनही तिची टोपली भरतेच. तिला हवी होती ती हाक. मला तिकडे माझ्या खोलीत उभ्या उभ्या फार राग आला. पण नुसत्या रागानं भागत असतं तर आमच्या घरात कशालाच कमी पडलं नसतं.

फिजीत मी काय करत होते ते सांगते, कारण इकडे लोकांच्या डोक्यात त्याविषयी भलतंच चित्र असतं. भंडाऱ्यात कुणालाही सांगा की मी पॅसिफिकच्या बेटांवर राहिले, लगेच डोळे मिटून हसतात. समुद्र, नारळ, झोपाळा. एक तर मला म्हणाला, मग तिकडे लोक काम कधी करतात? मला असल्या माणसांना हाताला धरून ओहोटीच्या वेळी तिथल्या खडकांवर उभं करावंसं वाटतं, अनवाणी.

मी नागपूरला मत्स्यशास्त्र शिकले आणि मासळी बर्फात घालून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून तिकडे गेले. मासा हुंगायचा, कल्ले उघडून पाहायचे, पोटात थर्मामीटर खुपसायचा. गावात म्हणाले, शिकूनसवरून शेवटी पोरगी मासेच हुंगायला गेली. खरंच होतं ते, पण पगार चांगला होता आणि मला वास ओळखता येत होता, तो काही नागपूरच्या कॉलेजनं शिकवला नव्हता.

कारखाना बंदराजवळ आणि माझी खोली जरा लांब, किनाऱ्यावरच्या एका गावात. त्या गावात शिरताना डोक्यावर टोपी ठेवायची नाही, खांद्याला पिशवी लटकवायची नाही. पहिल्यांदा गेलात तर मुखियापुढे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवायची. तिचंच मातकट पेय करून ते पितात आणि जीभ बधिर करून घेतात. मग तुम्ही गावाचे. सकाळी कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, दुपारी कसावा, रात्री डालो, म्हणजे आपली कोचई, अळूचा कंद. तिची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, आणि पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला मायच्या धोप्याच्या वड्यांची, म्हणजे अळूवड्यांची, आठवण आली. तरुण पोरं हॉटेलात, कारखान्यात, नाहीतर ऊस तोडायला. ज्यांची पोरं परदेशात ती घरं पक्की, बाकीची चक्रीवादळाची वाट पाहत असल्यासारखी. रविवारी चर्च, त्या दिवशी त्या गावात कपडेही वाळत घालायचे नाहीत. मी एकदा घातले, आणि एक म्हातारी माझ्या दोरीवरचे कपडे स्वतःच काढून, घड्या करून आत देऊन गेली.

मासे बायका धरायच्या. पुरुष होडी घेऊन खोल पाण्यात जायचे ते वेगळं. पण रोजचं कालवण बायकांच्या हातचं होतं. ओहोटी लागली की कमरेला कापड गुंडाळून, हातात गळ नाहीतर लहान जाळं घेऊन त्या खडकांवर पसरायच्या. शिंपले, खेकडे, ऑक्टोपस. मग शनिवारी बाजारात तेच मासे वेलीत ओवून मांडायच्या, भाजी ढिगावर. काटा नाही, ढीग. ते ढीग पाहून मी बाजारात एकटीच हसत उभी राहिले होते.

माझी शेजारीण अशीच एक. उंचीपुरी, आवाज असा की समुद्रालाही ऐकू जावा. तिला तिथलं हिंदी यायचं, उसाच्या मळ्यात लहानपण गेलं होतं म्हणून. त्या भाषेत 'का'ला 'काहे' म्हणतात, आणि मला आमचं 'काहून' आठवायचं. तर पहिल्याच आठवड्यात ती आली आणि माझा कुकर मागून घेऊन गेली. महिना झाला, परत नाही. मी मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली. शेवटी गेले, तर कुकर तिच्या बहिणीकडे, दुसऱ्या गावात. तिथं मागणं लाजेचं नाही, आणि नाही म्हणणं मात्र आहे. ती मला म्हणाली, तू का कधी काही मागत नाहीस, तुला आम्ही आवडत नाही का? आमच्या घरात मागणं म्हणजे मान खाली. मायनं आम्हाला मिठाची चिमूटसुद्धा शेजारून आणू दिली नव्हती.

आणि मग मी ती चूक केली, जी चिंचेखालच्या घरातलं माणूसच करू शकतं.

वर्षातून एक-दोनदा ते गाव मिळून मासे धरतं. रानातल्या वेलींचा लांबच लांब दोर वळायचा, त्याला नारळाच्या झावळ्या बांधायच्या आणि भरती ओसरायला लागली की अख्ख्या गावानं कमरेएवढ्या पाण्यात रिंगण धरायचं. म्हातारे, बाया, लेकुरवाळ्या, सगळे. पाणी उतरत जाईल तसं रिंगण आवळत आणायचं. झावळ्यांच्या सळसळीला मासा भितो आणि मध्ये गोळा होतो. मला बोलावलं होतं. मी गेले, आणि घमेलं घेऊन वाळूवर उभी राहिले. बाईनं टोपली घेऊन काठावर उभं राहायचं, हे माझ्या हाडात बसलेलं. पाण्यातून त्या मला हाका मारत होत्या आणि मला वाटत होतं की त्या नुसत्याच आनंदानं ओरडताहेत.

वाटणी झाली. शेजारणीनं एका वेलीत ओवलेले मासे माझ्यापुढे धरले. चांगले, ताजे, लाल कल्ल्यांचे. मी हात जोडले आणि म्हटलं, मी काही केलं नाही, मला नको. मला वाटलं मी फार स्वाभिमानानं बोलले. तिचा चेहरा असा उतरला की जसं मी तिच्या भांड्यात थुंकले. चार-आठ दिवस ती काही मागायला आली नाही, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मीच गेले शेवटी. तिखटाचा डबा मागितला, तिखट नको असताना. तिनं तो दिला, आणि मग अंगणात बसवून मला शांतपणे सांगितलं, "ई मछरी तुमार हाथ के नई है. तुमार चूल्हा के है." हा मासा तुझ्या हाताचा नाही, तुझ्या चुलीचा आहे. गावात जितक्या चुली तितके वाटे. ज्याचा हात मोडला त्याच्याही घरी संध्याकाळ होतेच ना. तू घेतला नाहीस, म्हणजे म्हणालीस की तुझी चूल आमच्या गावात नाही. पुढच्या खेपेला तिनं माझ्या हातातलं घमेलं काढून बाजूला ठेवलं आणि वेलीचा दोर दिला. हात आहेत तर कोरडे कशाला ठेवतेस, म्हणाली. त्यानंतर मी दरवेळी ओढायला होते. तळहात सोलून निघायचे आणि जेवण असं लागायचं की विचारू नका.

ते गाव म्हणजे रामराज्य होतं असं मी म्हणत नाही. मुखियाच्या बैठकीत बायका मागेच बसायच्या आणि यंगोनाची वाटी त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी यायची. पण पाण्यात कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू बाई आहेस का बाप्या.

मायचा तो फोन आल्यावर मी आणखी काही महिने काढले आणि परत आले. लोकांना वाटतं म्हाताऱ्या आईसाठी आले. आले त्या हाकेसाठी. भंडाऱ्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, स्कूटी घेतली, आणि उन्हाळा लागायची वाट पाहत बसले.

जाळ्याची तारीख ठरली तशी मी अध्यक्षाच्या घरी गेले. हा माझ्याहून लहान, नात्यातलाच. वरठीच्या कारखान्यात कामाला आहे, मोटरसायकलवर जातो-येतो, आणि उरलेल्या वेळात संस्था चालवतो. माणूस वाईट नाही, पण खुर्चीत बसला की पायरी दिसत नाही. अंगणात आणखी चार-पाच जण होते, आणि बाजेवर मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. आता आमच्यातले सगळ्यांत म्हातारे तेच, म्हणून हाक मारायला पाठमोरे उभे राहतात तेही तेच. डोळ्यांनी अधू झालेत. मी चहा घेतला आणि सरळ सांगितलं की यंदा चिंचेखालच्यांचा हात जाळ्याला असेल, माझा.

अध्यक्ष हसला. मग पाहिलं की मी हसत नाही.

"ताई, तुम्ही काहून तरास घेता? रोजीनं एक मानूस लावा. वाटा घ्या, झालं. मी काय नाही म्हनतो काय?"

"तुमचा हात तं वरठीले ड्युटीवर असते भाऊ. तुमच्या घराच्या नावानं जारं कोन ओढते?"

"रोजीचाच मानूस. जवाहरनगरच्या कारखान्यात जानाऱ्यायचंबी तसंच आहे."

"म्हनजे भाड्याचा हात चालते, अन घरच्या पोरीचा नाही चालत."

तो म्हणाला, बाईचा हात लागला की मासा बुडी धरतो, हे जुनं आहे, मी नाही केलं. मी विचारलं, मग हाच मासा आंधळगावच्या बाजारात बाईच्या हातानं कसा विकला जातो, तेव्हा तो उठून पळत नाही का? एक जण फसकन हसला आणि त्यानं चहाच्या कपात तोंड घातलं. अध्यक्षाला मात्र ते लागलं. त्यानं सांगून टाकलं की माणूस पाठवाल तर वाटा, तुम्ही पाण्यात उतराल तर ढीग घालणार नाही. मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते बाजेच्या सुंभाशी चाळा करत होते. बाबांच्या पाठीला पाठ लावून ज्यांनी अख्खी हयात जाळी ओढली, ते एक शब्द बोलले नाहीत. अध्यक्षापेक्षा मला त्यांचा राग जास्त आला. घरी येऊन मी मायला म्हटलं, तुझ्या जेठाच्या तोंडाला कुलूप आहे.

मायनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्याच वाटेनं निघाली. म्हणाली, लाव ना एक माणूस. हाक आली म्हणजे झालं, हात कुणाचा का असेना. यावर आम्ही दोघी जे भांडलो ते शेजारपाजारच्यांनी मन लावून ऐकलं असणार. मी म्हणत होते की विकत आणलेली हाक मला नको, ती परक्या माणसाच्या दंडाला मारलेली हाक होईल. माय म्हणत होती की तू शिकलेली आहेस म्हणून तुला तोऱ्यात राहणं परवडतं. म्हणाली, मी या गावात मरायची आहे. तिचं खोटं नव्हतं. त्या अंगणात उभी राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपण आपल्याच हट्टापायी तिचा घास घालवतो आहोत.

शेवटी तिनं विचारलं, "तुले पोहता येते हे ठाऊक आहे मले. पन जारं वढता येते काय?"

"बेटावर काय मी नारळ मोजत होती?"

माय हसली नाही. पण सकाळी तिनं पेटीतून बाबांचा जुना खाकी शर्ट काढून खाटेवर ठेवला होता.

चैत्रातली पहाट असली तरी तलावाचं पाणी गार होतं. मोठं जाळं दोन बाजूंनी दोरानं ओढत आणायचं असतं, एक रांग या काठाला, एक त्या काठाला. मी आमच्या बाजूच्या रांगेत जाऊन दोर धरला. गाळात पाय घोट्यापर्यंत गेले. माझ्या पुढच्यानं दोर सोडला, मग मागच्यानं, आणि एकेक करत सगळे हाताची घडी घालून पाण्यात उभे राहिले. पलीकडून अध्यक्ष ओरडत होता की बाहेर निघा ताई, तमाशा करू नका. त्यानं त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती, ही मला मोठीच पावती वाटली.

दोर सोडला नाही तो एकट्यानं, अध्यक्षाच्याच घरानं रोजीवर आणलेल्या बाहेरगावच्या माणसानं. त्याला आमच्या भानगडीशी घेणंदेणं नव्हतं. त्याला दुपारी घरी जायचं होतं. तो जरा सरकला आणि म्हणाला, "बाई, इकडून धरा. जड आहे." आम्ही दोघं मिळून पूर्ण जाळं काय ओढणार. पण लटकून राहिलो. तेवढ्यात मागे पाणी वाजलं. माय आली होती, लुगड्याचा काष्टा मारून, मांड्यांपर्यंत पाण्यात. जन्मभर काठावर टोपली घेऊन उभी राहिलेली माझी माय. तिनं माझ्या मागे दोराला हात घातला आणि घडी घातलेल्या पुरुषांकडे बघून, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "उभे राहा बाप्पा. मासा जाऊन राहिला."

आणि खरंच जात होता. एका बाजूनं जाळं ढिलं पडलं की खालची कड उचलते आणि मासा तेवढ्या फटीची वाट पाहत नाही. आमच्यासमोर दोन मोठे कतले पाठ दाखवून निसटले. वर्षभराची मासळी आहे ती, प्रत्येकाच्याच चुलीची. तिसरा निसटला तसे ते आले, शिव्या देत, दात खात, आणि दोराला भिडले. मी कुणाला सरकायला जागा दिली नाही. ऊन चढेपर्यंत ओढत होतो. तळहात सोलून निघाले तेव्हा मला शेजारणीच्या त्या वेलीच्या दोराची इतकी आठवण आली की मी पाण्यातच हसले, आणि माझ्या पुढचा माणूस दचकला. मासा काही बुडी धरून बसला नव्हता. दरवर्षीसारखाच निघाला, ना जास्त ना कमी.

व्यापाऱ्याचा माल टेम्पोत गेला. अध्यक्ष आणि आणखी दोघे ढीग घालायला बसले. आम्ही दोघी ओल्या कपड्यांनी पाळीवर उभ्या होतो, मधे टोपली. मायनं ढिगांवरून एकदा नजर फिरवली आणि माझा दंड धरला. बाजारात बसणाऱ्या बाईला ढीग मोजावे लागत नाहीत. आमच्या घराचा ढीग नव्हता. अध्यक्ष शब्दाला जागला होता.

मी पुढे जाणार होते. भांडण माझ्या ओठांवर तयार होतं, आमच्या झाडीपट्टीच्या बोलीतलं, नागपूरचं आणि थोडं फिजीचंसुद्धा. मायनं दंड सोडला नाही. मोठेबाबांना त्यांच्या मुलानं हाताला धरून आणलं. ते ढिगांसमोर येऊन थोडे थांबले, काठीनं जमीन चाचपली, आणि मग पाठ फिरवून तलावाकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या मनात आलं, बघा, आजही पाठच.

अध्यक्षानं पहिल्या ढिगाला काठी लावली. "हा कोनाचा?"

"चिंचेखालच्याचा," मोठेबाबा म्हणाले.

अध्यक्षाची काठी तिथंच राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, जणू म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. मोठेबाबांनी मान न वळवता तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पुढचा दाखव." मायनं मला कोपरानं ढोसलं. मी चाळिशीची बाई टोपली घेऊन अशी धावले की गाळात पडता पडता वाचले.

पुढच्या हाका नेहमीसारख्या झाल्या. वडाजवळच्याचा, शाळेमागच्याचा, एकेक टोपली उठत गेली. अध्यक्षाच्याही घराची हाक आली आणि त्यानं ती घेतली. मग ढीग संपले. मोठेबाबा तरीही पाठमोरेच उभे होते. थोडा वेळ वाट पाहून ते वळले आणि अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं की बोडीकडच्यांचा कुठं आहे.

बोडीकडचं घर त्यांचं स्वतःचं. त्यांनी स्वतःचं नाव शेवटाला ठेवलं होतं. एक ढीग कमी, आणि कोरडं राहिलेलं घर पाठमोऱ्याचंच.

अध्यक्षाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मोठेबाबा, तुमची चूक झाली. चिंचेखालचा ढीग घातलाच नव्हता."

"चूक झाली तं झाली. हाक ते हाक." मग त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "पाठ फिरोली म्हनून कान बुजत नाही बापू. पान्यात कोन कोन होतं, मले आयकू आलं."

रीत तर लहान पोरालाही ठाऊक होती. सगळ्यांच्या टोपलीतून एकेक मासा काढायचा आणि कोरड्या घराचा ढीग घालायचा. अध्यक्ष घमेलं घेऊन फिरायला निघाला. सगळ्यांत आधी माय पुढे झाली. आमच्या टोपलीत एकच चांगला रोहू होता, तो तिनं काढला आणि घमेल्यात नाही, सरळ मोठेबाबांच्या पायाशी नेऊन ठेवला. मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडाचं कुलूप परत घेतलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही. मग बाकीच्यांचे मासे पडत गेले, कुणाचा मोठा, कुणाचा बोटाएवढा. शेवटी बोडीकडच्यांचा ढीग सगळ्यांत मोठा झाला.

निघताना अध्यक्षानं मायला गाठलं. आवाज खाली करून म्हणाला, काकू, यंदा झालं ते झालं, पण पुढच्या वर्षी नियम कागदावर आणावा लागेल.

"आन ना," माय म्हणाली. "आमीबी येऊ. दोघी."

पाळीवरून आमचं घर सरळ खाली आहे, उतरलं की आलंच. मायनं टोपलीवर टाकलेला पळसाचा पाला काढून फेकला, टोपली उघडीच डोक्यावर घेतली आणि उलट्या बाजूला वळली. मी विचारलं, कुठं निघालीस? उत्तर नाही. ओलं लुगडं पायांना चिकटत होतं, पाणी टोपलीतून तिच्या कपाळावर गळत होतं. ती शाळेमागून गेली, वडाजवळून गेली, अध्यक्षाच्या दारावरून जरा हळूच गेली. ओट्यावरच्या एका बाईनं विचारलं, मासे कुठले गं?

"आमच्या वाट्याचे," माय म्हणाली, आणि थांबली नाही.